थंडीत कुत्र्याला फिरायला नेताना: दाराबाहेर पडण्याआधीपासून पंजे कोरडे होईपर्यंत

कुत्र्याच्या अंगावर केस असतात, त्याला कसली थंडी, हा समज जुना आहे आणि अर्धाच खरा आहे. निरोगी कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. ते टिकवायचं तर शरीराला सतत उष्णता तयार करावी लागते आणि केसांनी ती अडवून धरावी लागते. केस कोरडे आणि फुललेले असतील तोवर हे नीट चालतं. ते भिजले, वाऱ्याने विस्कटले किंवा मुळात आखूडच असले, की शरीरातली ऊब भराभर निघून जाते.

आपण निघताना हवामानाचा आकडा बघतो आणि जमीन बघायची विसरतो. बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ, गाडीतून गळलेलं द्रव, तळ्यावरचा पातळ बर्फ, बोटांच्या बेचक्यात अडकलेले बर्फाचे खडे या सगळ्या गोष्टी पायाखाली असतात. जाड तळाचे बूट घातलेल्या माणसाला त्या जाणवत नाहीत, अनवाणी चालणाऱ्या कुत्र्याला जाणवतात. म्हणून थंडीतल्या फेरीत माझं अर्धं लक्ष कायम खाली असतं.

आधी आपला कुत्रा नीट ओळखा

हस्की, मॅलॅम्यूट, सॅमॉइड, सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ, पाणी निथळवणारे. खाली दाट, मऊ लव. ही लव हवा धरून ठेवते आणि अडकलेली हवाच खरी ऊब देते. ग्रेहाउंड, व्हिपेट, डॉबरमन, बॉक्सर, चिवावा यांना ही लव नसते किंवा अगदी नावापुरती असते. त्यातून ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्याच्या अंगावर चरबीही कमी. मोठा आणि दांडगा दिसतो म्हणून डॉबरमनला थंडी सोसेल असं समजू नका.

आकाराचाही फरक पडतो. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने उघडी त्वचा जास्त, आणि उष्णता जाते ती त्वचेवाटेच. शिवाय डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्याचं पोट बर्फाला किंवा ओल्या गवताला घासत असतं. पोटावर केस विरळ, त्यामुळे तो आतून लवकर गारठतो.

पिल्लांना आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना शरीराचं तापमान सांभाळणं जड जातं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढण्याचा आजार) यांपैकी काही असेल, तर थंडी सुरू होण्याआधीच पशुवैद्यांना विचारून फेरीचा वेळ ठरवा. सांधेदुखी असलेल्या कुत्र्याचे सांधे गारठ्यात आखडतात. त्याला घरातच दोन-चार मिनिटं हळूहळू चालवा, मग बाहेर काढा. आणि एका लांब फेरीऐवजी दोन-तीन छोट्या फेऱ्या करा.

सवयीचाही भाग आहे. थंडी हळूहळू वाढत गेली तर कुत्र्याचे केस दाट होतात आणि शरीर जुळवून घेतं. दिवसभर हीटरजवळ झोपणारा कुत्रा एकदम गोठणाऱ्या हवेत गेला, तर जात कोणतीही असो, त्याला जड जाणार. आणखी एक: हिवाळ्यात केस बारीक कापू नका. नियमित विंचरा मात्र जरूर, कारण गुंता झालेले केस हवा धरून ठेवत नाहीत.

आकडा वाचताना वारा आणि ओल त्यात धरा

ढोबळ अंदाज द्यायचा तर ७ अंशांच्या वर बहुतेक कुत्र्यांना काही अडचण येत नाही. ७ ते ० अंशांत आखूड केसांच्या आणि लहान कुत्र्यांकडे लक्ष ठेवा. शून्याच्या खाली लहान, सडपातळ, म्हाताऱ्या आणि आजारी कुत्र्यांना अंगात काही घालूनच न्यावं, तेही थोडाच वेळ. उणे ७ च्या आसपास सगळ्याच कुत्र्यांच्या बाबतीत सावध राहावं. उणे १२ च्या खाली, थंडीसाठीच घडलेल्या जाती सोडल्या, तर शी-शू उरकून परत फिरणं शहाणपणाचं.

हे आकडे कोरड्या, वारा नसलेल्या हवेचे समजा. बोचरा वारा केसांमधली ऊबदार हवा उडवून लावतो. ओल त्याहून वाईट, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणूनच उणे ४ अंशांच्या कोरड्या उन्हापेक्षा ३ अंशांचा भुरभुर पाऊस आणि वारा मला जास्त धोक्याचा वाटतो. लोक मात्र नेमकं उलट करतात: बर्फ पडला की जपतात, पावसात बिनधास्त निघतात.

शक्य असेल तर लांब फेरी दुपारच्या उन्हात ठेवा आणि पहाटेची, रात्रीची फेरी आवरती घ्या. मार्ग ठरवताना दोन गोष्टी पाळा. घरापासून सरळ लांब जाण्याऐवजी घराभोवतीच गोल फिरा, म्हणजे कुठूनही पाच मिनिटांत परतता येतं. आणि जाताना वाऱ्याच्या समोर जा, येताना वारा पाठीवर घ्या. परतताना कुत्रा दमलेला आणि कदाचित ओला असतो. तेव्हा समोरून वारा नको.

निघण्यापूर्वी

जॅकेट सगळ्यांनाच लागत नाही. दाट लव असलेल्या निरोगी कुत्र्याला पळताना ते घातलं तर उलट उकडतं. ज्याला लागतं त्याच्यासाठी छाती आणि पोट झाकणारं घ्या. नुसत्या पाठीवर पडणाऱ्या कापडाचा उपयोग कमी. गळ्याशी दोन बोटं सहज आत जायला हवीत. काखेत कापड घासता कामा नये, आणि लघवीची जागा मोकळी हवी. पावसात लोकरी स्वेटर नको. तो पाणी पितो आणि अंगाला ओला चिकटतो. वरचा थर पाणी न शिरणारा हवा. घरी आल्यावर जॅकेट लगेच काढा.

बुटांविषयी थोडं सविस्तर बोलू, कारण ‘कुत्र्याला बूट’ म्हटलं की अनेकांना ते लाडाचं खूळ वाटतं. अलास्कातल्या इडिटारॉड या स्लेज शर्यतीत कुत्रे सुमारे दीड हजार किलोमीटर बर्फावरून धावतात. त्या शर्यतीच्या नियमांनुसार प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट सोबत असावेच लागतात. बर्फासाठीच जन्मलेल्या कुत्र्यांचे पंजे जिथे इतके जपले जातात, तिथे आपल्या घरातल्या कुत्र्याला बूट घातले तर त्यात लाड कसला?

पंजे तसे थंडीसाठी चांगले घडलेले आहेत. पंज्याकडे जाणाऱ्या धमन्या आणि परत येणाऱ्या शिरा अगदी बिलगून असतात. जाणारं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे पंजा गार राहिला तरी शरीर गार पडत नाही. जपानमधल्या संशोधकांनी ही रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिली आहे. पण ही व्यवस्था थंडीविरुद्ध आहे. मिठाविरुद्ध आणि धारदार बर्फाविरुद्ध नाही. मीठ टाकलेल्या रस्त्यावरून जावंच लागणार असेल तर बूट हा सगळ्यात चांगला उपाय आहे.

माप घेताना कुत्रा उभा असू द्या, कारण वजन पडल्यावर पंजा पसरतो. सवय घरातच लावा. पहिल्या दिवशी एकच बूट, अर्धा मिनिट, सोबत आवडीचा खाऊ. मग दोन, मग चार. सुरुवातीला तो पाय उंच उचलून विचित्र चालेल; हसू आलं तरी घाई करू नका, आणि ओढूनताणून तर मुळीच घालू नका. पट्टी आवळताना रक्त अडणार नाही एवढी सैल ठेवा. बूट फेरीपुरतेच. पंज्यांना घाम येतो आणि दमट बुटात त्वचा हुळहुळी होते.

बूट चालतच नसतील तर पंज्यांचं मेण किंवा व्हॅसलीनचा पातळ थर पंज्याखालच्या मऊ गाद्यांवर आणि बोटांच्या मध्ये लावा. त्याने मीठ आणि बर्फ कमी चिकटतो. तो बुटांची जागा घेत नाही, आणि घरी आल्यावर पुसावा लागतो. माणसांची औषधी मलमं मात्र लावू नका. कुत्रा पंजे चाटणारच, आणि झिंक ऑक्साइड असलेलं मलम पोटात गेलं तर विषबाधा होते. गाद्यांमधले वाढलेले केस गादीच्या पातळीला कापून घ्या, म्हणजे बर्फाचे खडे कमी बनतील. नखंही वेळेवर कापा. लांब नखांनी बोटं फाकतात, पकड सुटते.

घसरड्या रस्त्यावर नुसत्या गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा. अचानक हिसका बसला तरी ताण मानेवर येत नाही. दोरी दीड-दोन मीटरची, साधी घ्या; आपोआप लांबणारी दोरी थंडीत घरीच ठेवा. कोणतीही दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नका. कुत्रा खारीमागे धावला की तुमचं मनगट आणि तुम्ही दोघंही त्याच्यामागे जाता. तुमच्या बुटांना पकड असणं ही कुत्र्याच्याच सुरक्षिततेची गोष्ट आहे. निसरड्यावर छोटी पावलं टाका आणि हात खिशात घालू नका.

दिवस लहान असतात, म्हणून दोघांच्याही अंगावर प्रकाश परतवणारी पट्टी आणि कुत्र्याच्या गळ्यात छोटा दिवा हवा. रस्त्याकडेला बर्फाचे ढिगारे असतील तर त्यामागून येणारा लहान कुत्रा गाडीवाल्याला दिसतच नाही. वळणावर दोरी आखूड करा आणि आधी स्वतः पुढे होऊन बघा.

रस्त्यावर: मीठ, गोड विष आणि गोठलेलं पाणी

बर्फ वितळवायला नुसतं खायचं मीठ वापरलं जात नाही. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइडही टाकतात. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे ओल्या पंज्याला ते भाजतं. आधीच भेगा पडलेल्या गाद्यांवर कोणतंही मीठ झोंबतंच. कुत्रा चालता चालता एकदम पाय उचलून थांबला, तर आधी पंजा उलटून बघा. मीठ दिसलं तर कोरड्या फडक्याने पुसा. खिशात एक छोटं फडकं कायम असू द्या.

चाटून थोडं मीठ पोटात गेलं तर लाळ गळते, उलटी होते, तहान वाढते. जास्त गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून थरथर आणि झटके येऊ शकतात. म्हणून रस्त्याकडेच्या डबक्यातलं पाणी आणि वितळता चिखल पिऊ देऊ नका. निघण्याआधी घरीच पाणी पाजा. स्वच्छ बर्फाचे एक-दोन घास खाल्ले तर काही होत नाही, पण रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यात काय दडलंय ते कळत नाही.

या साऱ्यापेक्षा मला भीती वाटते ती अँटिफ्रीझची. गाडीच्या रेडिएटरमधल्या या द्रवात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड लागतं, कुत्रा आपणहून चाटतो, आणि अगदी थोडं प्रमाणही जीव घेऊ शकतं. गाड्या उभ्या असतात तिथे जमिनीवर हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी ओघळ दिसला तर कुत्र्याला लांबून न्या. चाटल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट बघू नका. सुरुवातीच्या काही तासांत कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, उलट्या करतो, मग थोडा सावरल्यासारखा वाटतो. हे सावरणं फसवं असतं, कारण तेवढ्यात मूत्रपिंडं निकामी होऊ लागलेली असतात. फोमेपिझोल हा उतारा पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी पडतो. म्हणजे फेरी तिथेच थांबवा आणि थेट दवाखाना गाठा.

गोठलेल्या तळ्याजवळ, नदीजवळ दोरी सोडू नका. नव्या, स्वच्छ, अखंड बर्फावर एका माणसाने चालायचं तर जाडी किमान १० सेंटीमीटर लागते असं मानतात. वर हिम साचलेलं असेल तर जाडी कळत नाही, आणि वाहत्या पाण्यावर ती दर पावलाला बदलते. कुत्रा आत पडलाच तर त्याच्यामागे जाऊ नका. हे लिहायला सोपं आणि पाळायला फार कठीण आहे, पण जो बर्फ कुत्र्याच्या वजनाने मोडला तो तुम्हाला तोलणार नाही. काठावर आडवे व्हा, तो ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूला त्याला मोठ्याने बोलवा आणि लगेच बचाव पथकाला फोन करा.

दोरी सोडण्याविषयी आणखी एक. ताजं हिम ओळखीचे वास आणि खुणा झाकून टाकतं, त्यामुळे रोजच्या वाटेवरचा कुत्राही चुकू शकतो. गळ्यात फोन नंबरची पाटी हवीच. मायक्रोचिप असेल तर तिच्यावर नोंदवलेला नंबर चालू आहे ना, ते एकदा तपासा.

वाटेत दुकानात शिरण्यासाठी कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका. इंजिन बंद झाल्यावर गाडी भराभर थंड होते आणि आतल्या कुत्र्याला हालचालीने ऊब मिळवायलाही जागा नसते.

कधी परतायचं

कुत्रा ठरलेला वेळ ओळखत नाही, म्हणून तुम्हीही घड्याळापेक्षा त्याच्याकडे बघा. पाठ बाकदार होते, शेपूट पायात जाते, चाल मंदावते, तो घराच्या दिशेने बघतो, आडोसा शोधतो, कुरकुरतो. पंजे आळीपाळीने उचलतो. पंजे साफ करूनही तो पाय उचलतच असेल तर परतायची वेळ झाली. अंग थरथरलं की वाद घालू नका, वळा. ‘चौकापर्यंत जाऊन येऊ’ हे शब्द इथे टाळा. लहान कुत्र्याला तुमच्या जॅकेटच्या आत घेऊन चालू लागा.

चेंडूमागे धावणाऱ्या उत्साही कुत्र्याकडे जास्त लक्ष द्या. खेळाच्या नादात तो थंडी दाखवत नाही. दर काही मिनिटांनी त्याला थांबवून कानांची टोकं आणि पंजे हातात धरून बघा.

थरथर थांबली आणि कुत्रा सुस्त झाला, अडखळू लागला, हाकेला उशिरा प्रतिसाद देऊ लागला, तर तो बरा झालेला नाही. शरीराची ऊब तयार करायची ताकद संपत आली आहे.

घरी आल्यावरची दहा मिनिटं

ही दहा मिनिटं बहुतेक जण गाळतात. दाराशीच कोमट पाण्याचं भांडं आणि जुना टॉवेल तयार ठेवा. एकेक पंजा बुडवा, बोटांच्या मधून बोट फिरवून मीठ काढा. पोट आणि पायांची आतली बाजूही पुसा. आखूड पायांच्या कुत्र्याला तिथेच जास्त मीठ लागलेलं असतं. बर्फाचे खडे ओढून काढू नका, केसांसकट येतात. तळहाताच्या उबेने किंवा कोमट पाण्याने विरघळू द्या.

मग पूर्ण कोरडं करा, बोटांच्या बेचक्यांसकट. ओल राहिली तर त्वचा सोलते आणि कुत्रा चाटत बसतो. ड्रायर वापरायचा तर अगदी मंद ठेवा आणि दुसरा हात मध्ये धरून गरमी तपासा. भेगा, लालसरपणा, रक्त दिसलं तर पुढचे काही दिवस मीठ असलेल्या रस्त्यावर जाऊ नका.

काही लॅब्राडोर, गोल्डन आणि हस्की कुत्र्यांचं काळं नाक थंडीत गुलाबीसर होतं. फक्त रंग बदललेला असेल, जखम किंवा खपली नसेल, तर काळजी नको.

गारठा लागलाच तर

गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून तापमान बघा. टोकाला व्हॅसलीन लावलेलं असावं. ३७ अंशांच्या खाली गेलं असेल तर पशुवैद्यांना फोन करा आणि तोवर ऊब द्यायला लागा. ओलं सगळं काढा, कोरडं करा, हीटरजवळ गरम केलेली चादर गुंडाळा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी आणि पोटाशी ठेवा, थेट त्वचेला नको. आधी धड गरम करायचं, पाय नाही. अंग चोळू नका. शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तरच कोमट पाणी थोडं थोडं द्या.

हिमदंश होतो तो कानांच्या टोकांना, शेपटीला, पंज्यांना आणि नर कुत्र्याच्या अंडकोशाला. कातडी फिकट, राखाडी किंवा निळसर होते, हाताला थंड आणि कडक लागते. ती चोळू नका, त्याने आतली इजा वाढते. शेकोटी किंवा ड्रायरही नको, कारण त्या भागाला भाजलेलं कळत नाही. साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवा किंवा तसा ओला कपडा ठेवा, मग अलगद टिपून कोरडं करा. मात्र दवाखान्यात नेताना तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत गरम करू नका; एकदा वितळून पुन्हा गोठलं की नुकसान जास्त होतं. फोड किंवा काळेपणा काही दिवसांनी दिसतो, तेव्हा ‘आता बरं दिसतंय’ म्हणून तपासणी टाळू नका. वेदना होतात म्हणून आपली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल देऊ नका. त्यांनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

ज्या दिवशी जायचंच नाही

असे दिवस येतात आणि त्या दिवशी न जाणं हाच योग्य निर्णय असतो. दाराजवळ थोडी जागा बर्फ सारून मोकळी करा, तिथे मीठ टाकू नका, आणि शी-शू पुरतं बाहेर काढा. बाकीचं घरात. फिरताना कुत्र्याला चालण्याइतकंच हुंगणं हवं असतं, तेव्हा त्याच्या जेवणातले दाणे गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये किंवा खोलीच्या कोपऱ्यांत लपवा आणि शोधायला लावा. जुन्या शिकवलेल्या गोष्टी घटवून घ्या, एखादी नवी शिकवा. हुंगून शोधण्याची पंधरा मिनिटं त्याला छान थकवतात.

घरातच राहणाऱ्या कुत्र्याला हिवाळ्यात आपोआप जास्त जेवण लागतं असं नाही; फिरणं कमी झालं तर उलट वजन वाढतं. बरगड्यांवरून हात फिरवत राहा आणि त्या लागेनाशा झाल्या तर खाणं किंचित कमी करा. बरेच दिवस घरात गेल्यावर हवा निवळली, तरी पहिल्याच दिवशी जुन्या लांब वाटेला जाऊ नका. पंज्यांच्या गाद्या मऊ पडलेल्या असतात आणि स्नायू आखडलेले. तीन-चार दिवसांत अंतर वाढवत न्या आणि तोवर रोज संध्याकाळी पंजे उलटून बघा.